काकूंची बदली गाडी

गाडी गॅरेजवाल्या काकूंनी दिली. हे आधी सांगते, कारण त्यांचं नाव पुढे न करता ही गोष्ट सांगायला माझी जीभ वळत नाही. नाव पुढे करते म्हणायचं आणि नाव सांगायचं नाही, असं झालं खरं. पण त्यांना ते आवडणार नाही. बिबवेवाडीत आमच्या घरापासून दोन चौक पुढे त्यांचं गॅरेज होतं. काका गेल्यावर लोक म्हणाले, आता हे बंद होणार. काकूंनी मात्र शटर उघडलं, लाकडी टेबलामागे खुर्ची टाकली आणि बसल्या. पाना त्यांनी कधी हातात धरला नाही. कोणत्या मिस्त्रीवर कधी ओरडायचं एवढं त्यांना नेमकं कळायचं.

गॅरेजच्या कडेला एक जुनी, राखाडी रंगाची लहान गाडी उभी असायची. गिऱ्हाइकाची गाडी कामात अडकली की तोवर वापरायला ती द्यायची. सगळे तिला बदली गाडी म्हणत. डॅशबोर्डवर कुणाच्या तरी लेकरानं चांदण्या चिकटवल्या होत्या, दाराच्या कप्प्यात कुणाची तरी केसांची पिन होती, आणि रेडिओ एकाच स्टेशनवर अडकलेला होता. इतक्या लोकांनी वापरलेली गाडी, पण कुणाचीच नाही. मला ती एखाद्या धर्मशाळेसारखी वाटायची.

मी वाशीमकडची. आठवीत शाळा सुटली, पुढे लग्न होऊन पुण्यात आले. मालक कंपनीत पाळीवर जायचे आणि मी घरून जेवणाचे डबे द्यायला लागले. डबे वाढले तशी जुनी व्हॅन घेतली आणि ती चालवायला शिकले. स्वभावानं मी घाबरट. गॅस बंद केला की नाही हे बघायला अजूनही अर्ध्या जिन्यातून परत वर येते. रस्त्यावर मात्र तेव्हा मी डबे वेळेत पोचवण्याच्या नादात दणादण चालवत असे.

त्या वर्षी माय डोळ्यासाठी पुण्याला आली. तिचा एक डोळा फार पूर्वी, तूर कापताना काडी लागून गेलेला. राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. कोथरूडच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं.

अडचण डोळ्याची नव्हती, पोटाची होती. मायला गाडी लागते. रेल्वेत ती गप्पा मारत, शेंगा खात मजेत येते, पण रस्त्यावरच्या गाडीत बसली की संपलं. पोटाला वर्तमानपत्राचा कागद बांधून झाला, लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली. तपासणीला रिक्षानं कोथरूडला गेलो तेव्हा जाताना रिक्षा थांबवावी लागली, येतानाही थांबवावी लागली. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "ऑपरेशननंतर उलटी होता कामा नये. डोळ्यावर ताण येतो."

मी विचारलं, "गाडीत झाली तर?"

"होऊ देऊ नका," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

एकच डोळा. तो गेला तर माय उरलेलं आयुष्य चाचपडत काढणार, आणि तिला पुण्याला आणायचा हट्ट माझा होता. रात्री झोप लागेना. त्यातच व्हॅनचा क्लच गेला. गाडी काकूंकडे नेली, तर मिस्त्रीनं गिअरबॉक्स खाली उतरवून ठेवला. ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं.

"काकू, व्हॅन दोन दिवसांत मिळेल का?"

"मिळेल की. तुकड्यातुकड्यांत."

मला रडूच आलं. काकू चष्म्यावरून बघत राहिल्या. "व्हॅनसाठी कोणी रडत नाही. काय झालं ते सांग."

मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या व्हॅनमधून आणणार होतीस आईला? इंजिन बुडाखाली, सगळीकडे पेट्रोलचा वास, आणि त्यात तुझ्या डब्यांचा फोडणीचा घमघमाट. अगं, मला नुसतं ऐकून मळमळलं." आणि खिळ्यावरची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "बदली गाडी ने."

"ओरखडा पडला तर?"

"पडण्याआधीच रडून घे, म्हणजे नंतर वेळ जायला नको. चल, चालवून दाखव."

त्यांच्या हातात चहाचा स्टीलचा पेला होता. तो घेऊनच त्या शेजारी बसल्या. म्हटलं, आधी पिऊन घ्या. म्हणाल्या, "गरम आहे. तू निघ."

मी निघाले. व्हॅनला पुढे नाक नसतं. आपण बसतो तिथंच गाडी संपते. या गाडीला पुढे बॉनेट होतं आणि ते कुठं संपतं ते मला दिसेना. सीट इतकी खाली की रस्त्यावर बसून चालवतेय असं वाटलं. स्टेअरिंग मात्र लोण्यासारखं. व्हॅनच्या सवयीनं मी ते जोरात फिरवलं तर गाडी पटकन वळली, घाबरून ब्रेक दाबला आणि काकूंचा चहा काकूंच्या साडीवर.

त्या ओरडल्या नाहीत. पदर झटकला आणि म्हणाल्या, "डब्यांना झाकण असतं गं. माणसांना नसतं."

मग पुढच्या कोपऱ्यावर विचारलं, "सिग्नलला थांबायचंय हे तुला कधी कळतं?"

"सिग्नल आला की."

"आधी कळू दे."

तेवढंच त्यांचं शिकवणं. तीन दुपारी त्या माझ्याबरोबर मार्केट यार्डाच्या भिंतीपर्यंत आल्या, दर वेळी हातात भरलेला पेला. मी लांबूनच पाय उचलायला शिकले, खड्डा दिसला की क्लच अलगद सोडायला शिकले. तिसऱ्या दुपारी आम्ही गॅरेजच्या दारात परत आलो तेव्हा काकूंनी पेला तोंडाला लावला, रिकामा केला आणि म्हणाल्या, "गार झाला. पण प्यायला मिळाला."

ऑपरेशनच्या दिवशी नेताना मायला थोडं मळमळलं, पण निभावलं. दुपारी ती डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली. दुसरा डोळा तर गेलेलाच, म्हणजे तिच्यासाठी सगळा अंधार. मी तिला पुढे बसवलं, सीट जरा मागे कलती केली, काच दोन बोटं खाली घेतली. पोटाला कागद बांधलेलाच होता, हातात लिंबू दिलं आणि कोथरूडहून निघाले.

तशी गाडी मी आयुष्यात चालवली नव्हती. शेजारी माय नाही, चहाचा पेलाच ठेवलाय असं मनाशी धरलं. कर्वे रस्त्यावर मागे हॉर्नची रांग लागली. एक दुचाकीवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, गाडी चालवताय की दळण घेऊन निघालाय?"

"काय म्हणते तो?" मायनं विचारलं.

"जपून जा म्हणतो."

"बरा पोरगा हाय."

म्हात्रे पूल ओलांडला, दांडेकर पूल गेला. सारसबागेजवळ माय एकदम गप्प झाली. पदराचं टोक तोंडाशी गेलं. ही खूण मला लहानपणापासून माहीत. मी गाडी सावलीला घेतली, इंजिन बंद केलं. तिचा हात धरून बसले. तिनं लिंबू हुंगलं, लांब श्वास घेतला. बऱ्याच वेळानं म्हणाली, "चाल आता. बसून काहून रायली?"

स्वारगेटची गर्दी सुटली आणि मी जरा निर्धास्त झाले. तिथंच, मार्केट यार्डाकडे वळल्यावर, डाव्या हाताला रस्ता खणून लोखंडी बॅरिकेड लावलेले होते आणि समोरून एक स्कूटरवाला उलट्या बाजूनं सरळ माझ्यावर आला. उजवीकडे टेम्पो. जोरात ब्रेक दाबला असता तर गाडी जागच्या जागी थांबली असती, आणि माय सीटच्या पट्ट्यासकट पुढे आदळली असती. मी ब्रेक दाबला नाही. पाय हलकाच ठेवला आणि गाडी डावीकडे घेतली. स्कूटर निघून गेली. डाव्या अंगानं बॅरिकेड मात्र पार मागच्या दारापर्यंत कर्रर्र करत घासत आलं. काकूंची गाडी.

"काय झालं वं?" माय म्हणाली. आवाज तिच्याच दाराला झाला होता.

"काही नाही माय. झाडाची फांदी लागली."

मायनं दाराच्या आतल्या बाजूवर हात फिरवला. मग म्हणाली, "पुण्यात लोखंडाचे झाडं असते काय वं?"

मला हसू आलं आणि डोळ्यातून पाणीही आलं. तसंच चालवत राहिले. घराखाली गाडी थांबवली तेव्हा ती विचारते, "आता काहून थांबली?"

"घर आलं, माय."

"आलं बी? मले तर वाटलं अजून लई दूर हाय."

पोटाला बांधलेला कागद तिनं स्वतःच काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला.

तिला झोपवून मी तशीच गॅरेजला गेले, चालत. काकू शटर ओढायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, काकू, डावी बाजू पूर्ण घासली. आणि कशी घासली ते सगळं सांगितलं. मान वर करायची हिंमत होईना.

"आई कशी आहे?"

"झोपलीये."

"उलटी?"

"नाही झाली."

"मग ओरखड्याचं उद्या बोलू. उद्या पट्टी काढायला न्यायचंय ना तिला? गाडी तुझ्याकडेच राहू दे."

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मायनं डोळा किलकिला केला, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलली, "टिकली वाकडी लावली तू." मी दवाखान्याच्या आरशात पाहिलं. खरंच वाकडी होती.

ओरखड्याचं बोलणं काही झालं नाही. मी विषय काढला की काकू मिस्त्रीवर ओरडायला सुरुवात करायच्या. रंगही त्यांनी लावून घेतला नाही. पुढे कुणा गिऱ्हाइकाला गाडी देताना मी तिथं असले तर ऐकू यायचं : "डावीकडचा ओरखडा घरचा आहे. तो सोडून बाकीचे बघून घ्या."

आता गॅरेजच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. गाडी कुणी घेतली कोण जाणे. रस्त्यात तशी राखाडी गाडी दिसली की माझी नजर आधी तिच्या डाव्या अंगाकडे जाते. माय गावी डाळीतले खडे स्वतः निवडते आणि फोनवर मला सांगते. डब्यांची व्हॅन मी अजूनही तशीच, शेजारी पेला ठेवल्यासारखी चालवते. माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या बायका म्हणतात, ताई, तुमच्यापेक्षा बैलगाडी बरी.

काकू त्या दुकानाच्या वरच्याच खोलीत राहतात. गुडघ्यांमुळे फारशा उतरत नाहीत. परवा मी म्हटलं, एकदा चला आमच्या गावी, माय तुमची वाट बघते. म्हणाल्या, "वाशीमपर्यंत पेला धरून बसू का मी? हात दुखतील."

दुखले तर वाटेत थांबू. उन्हाळा उतरला की मी एखादी गाडी आणणार आहे आणि जिन्यावरून त्यांना हाताला धरून उतरवणार आहे. काकू, तुमचं हे मी एक दिवस फेडीन. पेला गच्च भरून देईन आणि गावापर्यंत साडीवर एक थेंब पडू देणार नाही.