खाली गाडीचं वजन

“एवढं कायले तपासता?” असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या दिवशीही फिरलं.

शहापूरजवळच्या एका राईस मिलच्या धरमकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, मी लिहिलेला प्रोग्राम चालतो. धानाची ट्रॉली आधी भरलेली मोजायची, मग खाली, म्हणजे रिकामी. फरक निघाला ते धान. गेल्या हंगामात मालकांनी नवा काटा बसवला आणि त्याच्याशी बोलणारं मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा तुकडा, नागपूरच्या एका प्रोग्रामरने पाठवलं. ते जोडलं, तर माझा प्रोग्राम सुरूच होईना. स्क्रीनवर एकच ओळ: ‘खाली वजनाचं फंक्शन नाही.’

ही अडवणूक माझीच. पायथॉन ही प्रोग्राम लिहायची भाषा मोठी भोळी आहे. हवं ते फंक्शन, म्हणजे एकेका कामाची कृती, मॉड्यूलमध्ये आहे की नाही, हे ती ऐन हाक मारायच्या वेळी बघते. तोवर ट्रॉली रिकामी होऊन धान ढिगात मिसळलेलं! म्हणून माझा प्रोग्राम सुरू होतानाच मॉड्यूलमधल्या सगळ्या फंक्शनांची हजेरी घेतो.

बाहेर ट्रॉल्यांची रांग लागली होती. मालक तापले. “ताई, काढून टाका ते तपासणं! लोक शिव्या देऊन राहिले.”

फोनवर नागपूरचा प्रोग्रामर हसला. “मॅडम, पायथॉनमध्ये असं कोणी करते का? माझ्याकडे मस्त चालून राहिलं.”

“काढते,” मी म्हटलं. “पण पहिली गाडी तुमची, भाऊ. मोटारसायकल आणा.”

मालक मोटारसायकलवर बसून ऐटीत काट्यावर चढले. भरलेलं वजन आलं. “पाहा, झालं का नाही?” मग गाडी काट्यावरच ठेवून ते उतरून बाजूला झाले. मी ‘खाली’चं बटण दाबलं आणि प्रोग्राम धाडकन बंद पडला. आधीचं वजन त्या मॉड्यूलच्याच पोटात होतं, तेही गेलं.

मालक बघतच राहिले. “माझं वजन कुठं गेलं वो?”

“हेच या लोकांनी विचारलं असतं, भाऊ. धानाचं.”

रांगेतल्या पहिल्या ट्रॅक्टरवरची बाई ओरडली, “ताईले तपासू द्या! आमी थांबतो.” मागून सगळेच “हो, हो” करू लागले. अशी छाती फुगली माझी!

थोड्या वेळाने नागपूरहून राहिलेलं फंक्शन आलं. मी तपासणी पुन्हा लावली, हजेरी पूर्ण झाली आणि काटा सुरू. त्या बाईंची ट्रॉली भरलेली मोजली, खाली मोजली, पावती त्यांच्या हातात पडली.

काम झाल्याचं सांगायला मी नागपूरला फोन लावला, तेवढ्यात मालकांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला. “ऐक रे भाऊ, याच्यापुढे पहिले आमच्या ताईच्या तपासणीत पास हो, मग पाठव.”