खाचा काढलेली पेटी

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरला पीएचडी करताना मी एक जोडकाम धरलं होतं. एका दूरच्या देशात यादवी चालू होती आणि तिथले लोक पडलेल्या घरांचे फोटो आमच्या विभागाकडे पाठवायचे. फोटोत दिसणारं हत्यार कोणतं, ते कुठल्या देशात बनलं आणि तिथवर कसं पोचलं, हे आम्ही शोधायचो. विद्यापीठाच्या तळघरात हीटरशेजारी बसून दुसऱ्यांच्या लढाईचा निवाडा करायचा, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच. पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. मला माझ्या नजरेचा फार गर्व होता.

त्याला कारणही होतं. माझे बाबा विदर्भातल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. मी कारखान्याच्या कॉलनीत वाढले. तोफगोळ्यांची पेटी तर मी अर्धवट जळालेली असली तरी ओळखायची.

एका जानेवारीत एक फोटो आला. गोळा पडून घराचं छप्पर खाली आलं होतं. भिंतीशी एक लाकडी पेटी, झाकण उडालेलं, तिच्यातून करडे पुंजके बाहेर आलेले. त्या घरातली चार माणसं गेली होती. पेटीवरचे काळे आकडे आणि कडीची ठेवण जुळवून मी दोन दिवसांत तिचा देश शोधला, कारखाना शोधला, गोळ्याची जातसुद्धा सांगितली. करडे पुंजके म्हणजे गोळ्यांभोवतीचं पॅकिंग, असं ठरवून मी अहवालात लिहिलं, ‘घरात तोफगोळ्यांचा साठा असावा.’ आमच्या प्रमुख बाईंनी पाठ थोपटली आणि अहवाल वेबसाइटवर गेला.

ज्या फौजेने तो गोळा टाकला होता, तिच्या प्रवक्त्याने आठवड्याभरात माझं ते वाक्य टीव्हीवर वाचून दाखवलं. ते घर नव्हतंच, कोठार होतं, असं तो म्हणाला. खरं सांगते, मला तेव्हा बरंच वाटलं. आपलं काम कुणीतरी वाचलं म्हणून.

मार्चमध्ये एका रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता. ती नागपूरच्या घरात गोधड्या उन्हात टाकायला काढत होती. फोन तिने खिडकीत टेकवून ठेवला होता, आणि ती ज्या पेटीत वाकली होती तिच्यावर काळे आकडे होते.

“आई, ही पेटी अजून ठेवलीयेस?”

“मग काय फेकू? अगं, रिकाम्या पेटीसाठी कॉलनीत नंबर लावावे लागायचे. ह्यांनी आतल्या खाचांच्या पट्ट्या करवतीने कापून काढल्या, तेव्हा कुठे गोधड्या मावल्या. सगळ्यांच्याच घरी होत्या की. कुणाकडे गहू, कुणाकडे पुस्तकं.”

“आणि वरचे आकडे?”

“ते किती घासले तरी जात नाहीत बाई.”

“आई, मी नंतर कॉल करते,” म्हणून मी फोन ठेवला.

बर्फातून बसने विभागात गेले आणि तो फोटो मोठा करून पाहिला. गोळे हलू नयेत म्हणून पेटीच्या आत खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या असतात. या पेटीत त्या नव्हत्या. त्यांच्या जागी करवतीचे तिरपे व्रण होते. करडे पुंजके म्हणजे काजळी बसलेला कापूस होता, आणि एका पुंजक्याला फुलाफुलांच्या कापडाची चिंधी चिकटलेली होती. साप साप म्हणून मी भुई धोपटली होती, तीही चार मेलेल्या माणसांच्या अंगणात. असली पेटी घरात बघत वाढलेली त्या अख्ख्या विभागात मी एकटीच, आणि मलाच ते दिसलं नव्हतं. मला माझी किळस आली.

दुसऱ्या दिवशी बाईंना सगळं दाखवलं. दुरुस्ती निघाली. ती टीव्हीवर कुणी वाचली नाही.

मे महिन्यात त्या घराचे मालक आमच्या विभागात आले. पन्नाशीचे असतील. गोळा पडला तेव्हा ते पाव आणायला गेले होते, म्हणून वाचले. आता ते इथे मिशिगनमध्येच, भावाकडे राहत होते. त्यांच्या हातात आमच्या पहिल्या अहवालाचं पान होतं.

“हे कोणी लिहिलं?” त्यांनी सावकाश इंग्रजीत विचारलं.

“ते आमच्या टीमचं...” बाईंनी सुरुवात केली.

“मी लिहिलं,” मी म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. “आमच्यात चाळिसाव्या दिवशी गल्लीला जेवण असतं,” ते म्हणाले. “बायको, आई, दोन मुली. चौघींचं एकत्रच ठेवलं होतं. कुणी आलं नाही. ‘तुझ्या कोठारामुळे गल्लीवर गोळे पडले, आमचीही माणसं मेली,’ असं शेजारी मला म्हणाले. अन्न सगळं तसंच राहिलं.”

मी दुरुस्तीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बोट फिरवत तो शेवटपर्यंत वाचला. ‘पेटी घरगुती वापरातील. आत अंथरूण-पांघरूण. शस्त्रसाठ्याचा पुरावा नाही.’ त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

“गल्लीत आता नऊ घरं उरलीत,” ते म्हणाले. “याच्या नऊ प्रती द्या. आमच्या भाषेत करून मी तिकडे पाठवतो.”

मी मशीनपाशी जाऊन प्रती काढल्या. परत येईपर्यंत माफीची वाक्यं जुळवत होते. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. ते प्रती मोजत होते.