कोठा, कांदे आणि लाकडाचे बैल

वडनेरच्या कुसुमबाईने विकायला नेलेली वस्तू आजवर कधी घरी परत आणलेली नाही. हिंगणघाटच्या बाजारात तिची ठरलेली जागा आहे. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे काही असेल ते त्या जागेवरून दिवस मावळायच्या आत गेलंच पाहिजे, असा तिचा खाक्या. एकदा एका गिऱ्हाइकाने कारली नको म्हटलं, तर तिने त्याच्या तोंडाकडे पाहून शुगरची लक्षणं अशी काही सांगितली की तो दोन किलो कारली घेऊन गेला, आणि वर आभार मानून गेला. उरलेला माल तिला बघवत नाही.

तिचा नवरा चंद्रभान याच्या अगदी उलट. घरचे बैल विकायला काढले तेव्हा या गृहस्थाने बाजारात गिऱ्हाइकाला आधी बैलांच्या खोडी सांगितल्या. हा पाण्याला बुजतो, तो दुपारनंतर बसकण मारतो. बैल विकताना खोड लपवणं म्हणजे पाप, असं त्याचं मत. शेवटी कुसुमबाईने त्याला चहा प्यायला पाठवलं आणि मागे सौदा उरकून टाकला.

बैल गेले, भाड्याचा ट्रॅक्टर आला आणि त्यांचा कोठा, म्हणजे गोठा, रिकामा पडला. त्या रिकाम्या कोठ्यात चंद्रभान वाकस आणि पटाशी घेऊन बसू लागला, शिवणीच्या लाकडाचे बैल तासू लागला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ, पैसे गोळा करतात. गावातल्या निम्म्या पोरांकडे चंद्रभानचेच बैल होते, आणि सगळे फुकट दिलेले. कुसुमबाईच्या लेखी हा एक आजार होता, आणि त्यावर कारल्याचाही उपयोग नव्हता.

बैल मात्र देखणे, आणि नेहमी जोडीनेच. औताच्या बैलांत एक डाव्या हाताचा असतो, एक उजव्या हाताचा. जागा बदलली की दोघंही बावरतात. चंद्रभान लाकडातही तेच सांभाळी. डाव्याची मान जराशी उजवीकडे वळलेली, उजव्याची जराशी डावीकडे, म्हणजे शेजारी उभे केले की एकमेकांकडे बघणार. अदलाबदल झाली की दोघांची तोंडं दोन दिशांना, भांडलेल्या नवराबायकोसारखी.

यंदा कुसुमबाईचा डोळा त्या कोठ्यावर गेला. कांदे ठेवायला तिच्याकडे जागा नव्हती आणि नवऱ्याकडे अख्खा कोठा होता, तोही लाकडाच्या भुशाने भरलेला. नेमकं त्याच वेळी तिच्या बचत गटाला वर्ध्यातल्या प्रदर्शनात टेबल मिळालं. पोळ्याच्या आधी, बोरगाव मेघेच्या एका मंगल कार्यालयात, तीन दिवस.

"तुमचे सारे बैल तिथं नेऊ," ती म्हणाली. "सारे खपले तं कोठा तुमचा. एक बी बैल घरी वापस आला तं कोठा कांद्याले."

"जोडी फोडाची नाई पण," चंद्रभान म्हणाला.

"लोकाइले एकच पाह्यजे असते. पण नका फोडू."

कुसुमबाईला काळजी नव्हती. विकणार चंद्रभान होता. मनातल्या मनात तिने कोठा झाडून, सारवून, कांदे पसरूनसुद्धा टाकले.

पहिल्या दिवशी सकाळी टेबलावर बैल मांडून झाले आणि कुसुमबाईने हातातल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन सगळ्यांवर शिंपडलं. भाजीवर पाणी मारायची आयुष्यभराची सवय, हात आपोआप चालला. तेल पाजलेल्या लाकडावर पांढरे ठिपके उठले. चंद्रभान दुपारपर्यंत दुपट्ट्याने एकेक बैल पुसत होता. शेजारच्या टेबलावर पापड विकणाऱ्या वच्छलाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाणी मागवावं लागलं.

मग गिऱ्हाइकं आली. चंद्रभानने त्यांचं स्वागत आपल्या पद्धतीने केलं.

"हा पाहून घ्या," एका साहेबांना तो म्हणाला. "याच्या मागच्या पायात गाठ हाय लाकडाची. आज दिसत नाई, पण हाय."

साहेबांनी बैल खाली ठेवला.

एका मास्तरीणबाईंना त्याने विचारलं, "ठेवान कुठं?" त्या म्हणाल्या, टीव्हीपाशी. "टीव्ही कोन्या हाताले येते? उजव्या हाताचा बैल भिंतीकळे नाई आला पाह्यजे." त्या म्हणाल्या, घरी विचारून सांगते. त्या परत येणार नाहीत हे वच्छलाबाईंच्या पापडांनाही कळलं.

कुसुमबाईला खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिने गप्प बसायचं, नवऱ्याला हरू द्यायचं आणि कोठा घ्यायचा, एवढंच काम होतं. पण गिऱ्हाईक डोळ्यांदेखत येतं, वस्तूला हात लावतं आणि रिकाम्या हाताने जातं, हे तिला बघवेना. तिने बराच वेळ कळ काढली. शेवटी राहवलं नाही.

"आवो, चहा पिऊन या," ती म्हणाली.

चंद्रभान वळला आणि कुसुमबाई उठली. "या बाई, हात लावून पाहा. ताजे हायत, कालच उतरवले." लाकडी बैल ताजे कसे असतात हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. प्रत्येक जोडीवर तिने सांबाराची एक काडी वरून दिली. लोक हसले, बोलले, घेऊन गेले. संध्याकाळी अर्ध्या जोड्या संपल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण दिवसभर आपलाच कोठा विकत होतो. स्वतःवरच चिडून तिने ठरवलं, उद्या तोंड उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशीही चंद्रभानला इतक्या वेळा चहाला जावं लागलं, की चहावाला त्याला लांबून बघताच कप भरू लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकच जोडी उरली. चंद्रभान अर्थातच चहाला गेलेला. तेव्हा अंकिता नावाची एक बँकेतली मुलगी आली. साहेबांच्या निवृत्तीला काहीतरी द्यायचं होतं. तिने उजवा बैल उचलला.

"काकू, हा एकच द्या ना. दोन ठेवायला जागा नसेल त्यांच्याकडे."

जोडी फोडायची नाही हे कुसुमबाईला पाठ होतं. पण पैसे काढलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं तिला जन्मात जमलेलं नाही. एक जाईल, दुसराही जाईल, असं म्हणून तिने बैल कागदात गुंडाळला.

दुसरा काही जाईना. येणारा प्रत्येक माणूस विचारी, "याचा जोडीदार कुठे?" एक म्हातारबा तर बैलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा कोनाले पाहून राह्यला?" कुसुमबाईने बैल फिरवून ठेवला. आता तो वच्छलाबाईंच्या टेबलाकडे बघू लागला.

"अवं कुसुम, हा माह्या पापडाकळे काऊन पाह्यते?" वच्छलाबाई म्हणाल्या.

तिने तो पुन्हा फिरवला. मग तो तिच्याकडेच बघू लागला, आणि ते फारच वाईट झालं.

एक बैल उरला म्हणजे कोठा तिचा. काही करायची गरज नव्हती, नुसतं बसून राहायचं होतं. पण कांद्यांचा आनंद काही होईना. चंद्रभान येईल, उरलेला बैल पाहील, एक अक्षर बोलणार नाही आणि घरी जाऊन मुकाट अवजारं आवरेल, हे तिला आत्ताच दिसत होतं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडणार नाही याचाच तिला राग आला. तिने बैल पदराखाली घेतला, वच्छलाबाईंना टेबल सोपवलं आणि ती बाहेर धावली.

अंकिता फाटकाबाहेरच्या टपरीवर, टेबलाशी आलूबोंडा खात उभी होती.

"बाई, हा घ्या याचा दुसरा."

"अहो काकू, मला एकच हवा होता."

"पैशे नाई मागत. तसाच घ्या."

फुकट म्हटल्यावर अंकिताचा हात जागच्या जागी थांबला. "का? काही खराब आहे का? तडा गेलाय?"

कुसुमबाईने आजवर कडू कारली गळ्यात मारली होती, पण फुकट वस्तूसाठी हात जोडायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली. तिने मुलीच्या पिशवीतून पहिला बैल काढला, आलूबोंड्याची बशी बाजूला सारली आणि दोघांना टेबलावर शेजारी शेजारी उभं केलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अंकिताने दोन्ही बैल उचलून पिशवीत घातले.

"तुमच्या साहेबाइले सांगजा, डावा डाव्या हातालेच ठेवाचा," कुसुमबाई म्हणाली, "आन् उजव्याच्या बाजूले भिंत नाई पाह्यजे." बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण कुणासारखं बोललो. अंकिताने पैसे पुढे केले, तेव्हा तिने हात पाठीमागे नेले.

परतीच्या एस.टी.त चंद्रभान खिडकीशी बसला होता. रिकामी पेटी मांडीवर. इतका खूश त्याला तिने बैल विकल्यापासून पाहिलं नव्हतं.

"शेवटची जोडी कोनं नेली?"

"एकेक करून गेले," ती पुटपुटली. खोटं नव्हतं ते.

चंद्रभानने रिकाम्या पेटीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मंग तू म्हनते थेच खरं. लोकाइले एकच पाह्यजे. मी उगाच जोडी जोडी करत बसलो. आता एकेकच तासतो. मान बी सरळच ठेवतो, कायले वळवाची."

त्याच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. तो खरंच हिशेबाचं बोलत होता. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याने तिचं ऐकलं होतं आणि कुसुमबाईला ते अजिबात सोसवेना. वायगाव येईपर्यंत तिने कसंबसं धरून ठेवलं.

"दुसरा मी फुकट देल्ला," ती म्हणाली.

चंद्रभान अख्खा वळला. "तू?"

"हव. थो एकटा पाहून राह्यलता. मले नाई पाहावलं."

त्याने यावर बराच विचार केला. आणि विचार करून या माणसाने काय म्हणावं? "फुकट देल्ला म्हंजे खपला नाई. म्हंजे मी हारलो. कोठा तुहा."

"आवो, घरी वापस आला का थो? नाई ना? मंग मी हारली."

"विकला बी नाई ना पण."

"बोली घरी वापस येन्याची होती."

"सारे खपले तं, असं बोलली होती तू."

आवाज चढले. मागच्या सीटवरचे दोन शेतकरी आपलं बोलणं सोडून यांचं ऐकू लागले. त्यातला एक म्हणाला, "काकाजीचं बरोबर हाय." कंडक्टर तिकिटं फाडायची थांबवून म्हणाला, काकूंचा मुद्दा खरा आहे. हरण्यासाठी इतकं भांडण त्या गाडीत कुणी ऐकलं नव्हतं. शेवटी कुसुमबाईचा तोल सुटला.

"कोठ्यात कांदे भरले तं तुमी कुठं बसान?" ती म्हणाली. "जासान पारावर, पत्ते कुटाले. मंग मी शेतातून आली का आवाज कोनाले देऊ? कांद्याले देऊ? तुमी कोठ्यात ठोकत असले का मले घर भरल्यावानी वाट्टे. कांद्यानं नाई वाटत तसं."

कंडक्टर पुढे सरकला. कुसुमबाईने पदर तोंडावर ओढला आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. खिडकी चंद्रभानच्या बाजूची असल्यामुळे तिला त्याच्याकडेच बघावं लागत होतं.

चंद्रभानने पेटीची कडी उगाच लावली, काढली.

"मंग कांदे कुठं ठेवशीन?"

"आपल्या खाटेखाली," ती म्हणाली. "आन् वासाचं नाव काढू नोका."