हवल्लीत शिकवलेला नकार

विमान कुवेतवर आलं तेव्हा समुद्र कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. सगळं एकाच मळकट रंगाचं. ओवी, कबीर, तुमची आजी खिडकीची झडप सारखी वर-खाली करत होती. शेवटी शेजारचे गृहस्थ म्हणाले, "माताजी, अभी टाइम है."

माझी भाची रश्मी कुवेतमधल्या हवल्लीत राहते आणि एका वाहतूक कंपनीत हिशेब पाहते. ती कामावर गेली की मला घरात बसवेना. पडदे सारखे करायचे, डबे लावायचे, मग खाली उतरून बेकरीतून गरम खुबुस (भट्टीतली मोठी रोटी) आणायचे. एकदा धुळीचा असा वारा सुटला की मी भलत्याच इमारतीत शिरून भलतीच बेल वाजवली. दार उघडणाऱ्या इजिप्शियन बाईंनी पाणी दिलं आणि हाताला धरून मला आमच्या दारापर्यंत आणून सोडलं.

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रश्मीने महादेवला जेवायला बोलावलं. हा राजापूरकडचा, तिच्याच कंपनीत ट्रेलर चालवतो. तेलाच्या भागात माल नेणाऱ्या ड्रायव्हरांची कंपनीने आता गाडीत बसवून इंग्रजीत तोंडी परीक्षा सुरू केली होती. महादेव एकदा नापास झाला होता. पुन्हा झाला असता तर करार संपवून घरी. मुलगी रत्नागिरीला नर्सिंगच्या पहिल्याच वर्षाला.

"पाट्या वाचतो मी, बाई," तो म्हणाला. "पण साहेब बोलायला लागला की येस सर म्हणून मोकळा होतो."

मी इंग्रजीत विचारलं, ब्रेक ठीक आहे का? "येस, मॅडम." ब्रेक तुटलाय का? "येस, मॅडम." तुझा ट्रेलर मी चालवू का? "येस, मॅडम." स्वयंपाकघरात रश्मी खो-खो हसली.

खोदून विचारलं तेव्हा कळलं, समजत त्याला बरंच होतं. परीक्षेत साहेबाने मुद्दाम म्हटलं होतं, मालाची साखळी ढिली आहे, पण उशीर झालाय, ने आत. महादेवने येस सर म्हटलं. मराठीत विचारलं असतं तर? तो खाली बघत म्हणाला, "तरी हो म्हटलं असतं. साहेबाला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

मी नुसत्या येरझाऱ्या घालत राहिले. रश्मीने ताटं घेतली. जेवण होत आल्यावर सवयीप्रमाणे मी नारळाच्या वड्यांचा आग्रह सुरू केला, आणि सकाळपासून होला हो करणारा हा माणूस ताटावर दोन्ही हात आडवे धरून म्हणाला, "नको, बाई. खरंच नको."

वडी माझ्या हातातच राहिली. मी इंग्रजीत म्हटलं, एकच घे. फक्त आजच्या दिवस. मी मोठी आहे ना तुझ्यापेक्षा?

त्याने माझ्याकडे पाहिलं. हात हलले नाहीत. "नो, मॅडम."

मग मी साहेब झाले. साखळी ढिली आहे. ने आत. फक्त आजच्या दिवस.

"नो, सर. चेन लूज. आय नॉट गो."

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवताना मुलांची व्याकरणं सुधारली मी. हे वाक्य तसंच राहू दिलं. पुढचे सगळे शुक्रवार आग्रहात गेले.

परीक्षेच्या दिवशी रश्मीने मला कंपनीच्या अहमदीकडच्या यार्डापर्यंत नेलं. दूर मीना अल-अहमदीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या बाजूला चिमण्यांच्या ज्वाला उन्हात फिक्या दिसत होत्या. मी काच खाली घेतली, गाडीभर धूळ झाली. "मावशी, जरा स्वस्थ बस ना गं," रश्मी वैतागली.

महादेव हसतच आला. "पास, बाई. साहेब आग्रहच करत होता. मी स्टिअरिंगवर हात आडवे धरले, ताटावर धरतो तसे."

मी परत निघाले तेव्हा तो विमानतळावर आला. मी वड्यांचा डबा पुढे केला. "नो, मॅडम," म्हणाला आणि घेतला.

पुण्यात आले, कपाटं लावून झाली, आणि परवा त्याचा फोन आला. त्याच्या फोरमनने खरोखरच ढिल्या साखळीसकट निघायला सांगितलं. महादेव नाही म्हणाला. तेव्हापासून त्याला गाडी दिलेली नाही. यार्ड झाडायला लावलंय.

"बरोबर केलं ना, बाई?"

मी ताबडतोब हो म्हटलं. साखळी सुटली असती तर कुणाच्या अंगावर गेली असती, तेही सांगितलं. "येस, मॅडम," तो म्हणाला.

ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. त्याला पटलं म्हणून तो येस म्हणाला, की मी मोठी म्हणून? आज मीच फोन करणार आहे, आणि या वेळी मराठीत विचारणार आहे.