माहीत नाही, बाई!

मी आयुष्यात एकदाच वर्गावर शिकवलं. तेही मधल्या सुट्टीत, जेमतेम दहा मिनिटं. तेवढ्या वेळात चाळीस हुशार मुली ठार अडाणी करून दाखवल्या. (हा वेग अजून शिक्षणखात्यालाही गाठता आलेला नाही!)

झालं असं, की लग्नानंतर चार वर्षांनी आमच्या हिने, म्हणजे मंगलने, बी.एड.ला नाव घातलं. नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या. त्यात आम्ही दोघं, आई आणि नाना. नाना, म्हणजे माझे वडील, धायरीच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. धायरी तेव्हा खरोखरच गाव होतं. नाना रोज सायकल हाणत जायचे, गावाला पाढे पाजायचे आणि अंधार पडायच्या आत परत यायचे.

बी.एड.ला शिकवायला शिकवतात, अशी माझी समजूत होती. छे! बी.एड.ला उद्दिष्टं लिहायला शिकवतात. प्रत्येक पाठाचं आधी टाचण काढायचं आणि त्यात उद्दिष्टं मांडायची. तीही अशी: 'विद्यार्थी व्याख्या सांगतो. विद्यार्थी कारणे स्पष्ट करतो. विद्यार्थी उदाहरणे देतो.' खरा विद्यार्थी तेव्हा पेन्सिल चावत असतो, पण टाचणातला विद्यार्थी म्हणजे नुसता कामाचा वाघ! महिन्याभरात ही भाषा आमच्या स्वयंपाकघरात घुसली. एका सकाळी ओट्यावर चिठ्ठी सापडली, 'पती दूध तापवतो. पती ते उतू घालवत नाही.' मी पहिलं उद्दिष्ट पूर्णपणे साध्य केलं.

नानांना हे सगळं थोतांड वाटायचं.

"उद्दिष्टं कसली लिहिता कागदभर? पोराला दिडकी येते का? दीड पंचे साडेसात म्हणालं तर शिकलं. नाही म्हणालं तर बाकावर उभं करायचं. झालं टाचण!"

"नाना, आता दिडकी कुणाला लागते?" मंगल म्हणाली.

"म्हणूनच ही दशा आहे."

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मला विचारा शिक्षण कशासाठी ते. यांनी अख्ख्या धायरीला बाराखडी शिकवली आणि मला म्हणाले, तुला काय करायचंय? माझ्या माहेरची पत्रं हेच वाचून दाखवायचे. दोन वर्षं प्रत्येक पत्रात एकच मजकूर! 'सासरी नीट राहा, सगळ्यांचं ऐक.' मला आला संशय. त्या रागात मी वाचायला शिकले. बघते तर आई लिहीत होती, 'पोरी, माहेरी कधी येतेस?' आपलं पत्र आपल्याला वाचता यावं, एवढ्यासाठी शिकायचं. टाचण नको नि बिचण नको."

नानांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. (ते उलटं होतं.)

आता मंगलची अडचण सांगतो. बी.एड.चा एक कडक नियम होता. पाठाचा विषय बाईंनी आधी सांगायचा नाही. इकडचे तिकडचे प्रश्न विचारत मुलींना हळूहळू विषयाच्या तोंडाशी आणायचं. तो विषय मुलींच्याच तोंडून बाहेर पडला, की मगच बाईंनी आश्चर्यचकित चेहऱ्याने तो फळ्यावर लिहायचा. या लपंडावाला प्रस्तावना म्हणतात. त्याचे वेगळे गुण!

पण सराव करायला मिळालेला पाचवीचा वर्ग हा महाबेरकी वर्ग होता. वर्षभर या मुलींवर बी.एड.वाल्यांची टोळधाड चाललेली. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव रझिया तांबोळी. पहिल्या बाकावर बसायची, दोन घट्ट वेण्या, आणि नजर थेट पोलीस इन्स्पेक्टरची. मंगलच्या मागच्याच पाठाला तिने घात केला होता. मंगलने गोड आवाजात सुरुवात केली, "मुलींनो, दिवसा आकाशात काय दिसतं?"

रझिया उठली. "ग्रहण, बाई."

"अगं, दिवसा..."

"बाई, आकाशापासून सुरू केलं की ग्रहणच असतं. सूर्यापासून केलं तर ऋतू."

सात मिनिटांची प्रस्तावना सात सेकंदांत आटोपली! मागे बसलेल्या निरीक्षकांनी वहीत लाल शेरा मारला. मंगल त्या रात्री जेवली नाही.

आणि आता वार्षिक पाठ आला होता. बाहेरगावचे परीक्षक येणार. या एका पाठावर सगळं लटकलेलं. पेठेतल्याच एका शाळेने जूनपासूनची जागा तिच्यासाठी ठेवली होती, पण पास झाली तरच. लग्न झाल्यापासून ती लोकांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन, घरचं सगळं करून, पहाटे पुस्तक घेऊन बसत होती. माझा एकट्याचा पगार आणि दोन खोल्या, हे तिचं उद्दिष्ट नव्हतं.

विषय मिळाला बाष्पीभवन. पाठाची रंगीत तालीम आमच्यावर झाली. आम्ही तिघं ओळीने पाटावर बसलो.

"सांगा बरं मुलींनो, ओले कपडे दोरीवर घातले की त्यातलं पाणी कुठे जातं?"

"खालच्या बापटबाईंच्या डोक्यावर," आई म्हणाली.

"आई!"

"मग काय? रोज भांडण होतं, तुला माहीत नाही?"

"नाना, तुम्ही सांगा."

"हात वर केल्याशिवाय मी बोलत नसतो. शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

मंगल कपाळाला हात लावून बसली. "तुमचं ठीक आहे हो. ती रझिया पहिल्याच प्रश्नाला 'बाष्पीभवन' म्हणून मोकळी होईल. तिला हा धडा तीन बाईंनी शिकवलाय. संपलं मग."

हे वाक्य माझ्या काळजाला लागलं. बायकोसाठी काहीतरी करावं, अशी ऊर्मी माझ्यात दाटून आली. (अशी ऊर्मी आली की घरातल्यांनी मला बांधून ठेवायला हवं, पण कुणी लक्ष दिलं नाही.)

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाठाच्या आदल्या दिवशी, मी अर्धी रजा टाकली. मंगलची साधनं शाळेत पोचवायची होती: एक तक्ता, एक बादली आणि दोरी बांधायला दोन खांबांची लाकडी चौकट. ती चौकट सायकलला आडवी बांधून मी निघालो, तेव्हा निम्मी पेठ भिंतीला चिकटली होती. वर्गात पोचलो तर मधली सुट्टी, मुली डबे खात बसलेल्या.

"काका, उद्याचा पाठ तुमचा का?" रझियाने विचारलं.

"माझा नाही, तुमच्या बाईंचा."

तिने बादली पाहिली, चौकट पाहिली. "बाष्पीभवन."

माझ्या हातातली बादली पडली! मंगल म्हणत होती ते खरंच होतं. मी दार लोटलं आणि टेबलासमोर उभा राहिलो.

"हे बघा मुलींनो. उद्या बाईंची परीक्षा आहे. तुम्हाला सगळं येतं, ठाऊक आहे मला. पण उद्या बाईंनी काहीही विचारलं, तरी लगेच सांगायचं नाही. 'माहीत नाही, बाई' म्हणायचं."

"कधीपर्यंत?" रझियाने मुद्द्याचं विचारलं.

"फळ्यावर विषयाचं नाव लिहिलं जाईपर्यंत. ते लिहिलं, की मग सगळं यायला लागेल."

"सगळं?"

"सगळं! आहे कबूल?"

चाळीस माना डोलल्या. मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं, "माहीत नाही, बाई!" काय तो सूर! वरच्या मजल्यापर्यंत गेला असेल. शिकवणं इतकं सोपं असतं, हे नानांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. मी शीळ घालत घरी आलो. मंगलला मात्र काही बोललो नाही. म्हटलं, उद्या चकित होईल.

झालीच.

पाठाच्या दिवशी ओला टॉवेल सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. तो ऐनवेळी ओलाच हवा, म्हणून मी बादलीसकट वर्गाच्या खिडकीबाहेर व्हरांड्यात उभा. एप्रिलचं ऊन, सकाळीच अंग भाजत होतं. परीक्षक मागच्या बाकावर बसले होते. काळी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा, चेहरा कुलूप लावलेल्या दारासारखा.

"मुलींनो," मंगलने सुरुवात केली, "सकाळी अंघोळ झाल्यावर आपण अंग कशाने पुसतो?"

एकही हात वर आला नाही.

"सांग रझिया."

"माहीत नाही, बाई."

मंगल दचकली, पण सावरली. "बरं, ओला टॉवेल आपण कुठे टाकतो?"

"माहीत नाही, बाई!" दुसरी.

"कपडे कशाने धुतो?"

"माहीत नाही, बाई!" तिसरी.

"पाण्याने की दगडाने?"

"माहीत नाही, बाई!" आता सगळ्या मिळून, कालच्या सुरात!

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलींनी विषय सांगितल्याशिवाय बाईंना तो फळ्यावर लिहिता येणार नाही. आणि बाईंनी तो फळ्यावर लिहिल्याशिवाय मुली तोंड उघडणार नाहीत! मी असं कुलूप घातलं होतं, की त्याची किल्ली आत आणि कुलूपवाला बाहेर.

मंगलने अकरा प्रश्न विचारले. शेवटी शेवटी तर ती पार काकुळतीला आली. "पाणी म्हणजे काय ते तरी माहीत आहे ना?" मागच्या बाकावरच्या एकीला हसू फुटलं, तिने वेणी तोंडात कोंबली. परीक्षकांचा चष्मा आणखी खाली आला. मी खिडकीतून हातवारे करू लागलो: बोला, बोला! रझियाने माझ्याकडे पाहून अभिमानाने मान हलवली. दिलेला शब्द ती पाळत होती.

मी जिवाच्या आकांताने टॉवेल हलवला आणि लक्षात आलं, तो कडक वाळला होता. वर्गात कुणालाही न समजलेलं बाष्पीभवन माझ्या हातात पूर्ण झालं होतं!

मंगलने खिडकीकडे पाहिलं. माझा चेहरा पाहिला. तिला सगळं कळलं. (लग्नाला चार वर्षं उलटली, की पुरावा लागत नाही.) तिने खडू उचलला आणि नियमबियम गुंडाळून फळ्यावर हातभर अक्षरांत लिहिलं: बाष्पीभवन.

आणि धरण फुटलं! "बाई मी! बाई मी सांगू!" व्याख्या, कारणं, उदाहरणं, अख्खा धडा चाळीस तोंडांनी दीड मिनिटात बाहेर आला. "बाई, घरचा अभ्यास पण सांगू का?" रझिया ओरडली. पाठाची पंचवीस मिनिटं शिल्लक होती आणि शिकवायला काही शिल्लक नव्हतं.

 मंगलने टाचणाची वही मिटली.

"छान. हे सगळं येतंय तुम्हाला. आता मला सांगा, तुम्हाला खरंच काय माहीत नाही?"

 रझियाचा हात अर्धाच वर आला.

"बाई, आमच्या अब्बांचं पानांचं दुकान आहे. पानांवर ओलं गोणपाट टाकतात. उन्हात सगळं दुकान तापतं, पण गोणपाटाखाली हात घातला की गार. ते का? तिन्ही बाईंनी नाही सांगितलं."

"तुला काय वाटतं?"

रझियाने विचार केला. कपाळाला आठ्या घातल्या. वेणीचं टोक चाचपलं. मग अगदी हळू म्हणाली, "माहीत नाही, बाई."

मंगल ताडताड खिडकीशी आली. "अहो, बादली द्या. आणि तोंड उघडू नका."

तिने चाळीस मनगटांवर पाणी शिंपडलं. "फुंका!"

"बाई, गार!"

"पाणी जाताना हातातली ऊब घेऊन जातंय. म्हणून गार."

"म्हणून माठातलं पाणी?"

"म्हणून तापात कपाळावर पट्टी?"

"म्हणून पानं!" रझिया बाकावरच चढली. घंटा झाली, ती कुणाला ऐकूच आली नाही. मी परीक्षकांकडे पाहिलं. ते गुपचूप स्वतःच्या मनगटावर फुंकर मारत होते.

नंतर त्यांनी मंगलला व्हरांड्यात बोलावलं. मी खांबाआड.

"आपल्या टाचणात सात उद्दिष्टं आहेत. एकही टाचणाप्रमाणे साध्य झालेलं नाही. प्रस्तावना शून्य, विषय आपणच लिहिलात, साधन वाळलेलं."

मंगलचे डोळे भरले. 

"सकाळपासून हा माझा पाचवा पाठ," ते टोपी काढत म्हणाले. "चार वर्गांना सगळं येत होतं. कुणी काही विचारलं नाही. इथे एका मुलीने विचारलं. प्रस्तावनेचे गुण मी देऊ शकत नाही. पण पास व्हायला तेवढे लागत नाहीत." मग त्यांनी खांबाकडे बोट केलं. "ते बादलीवाले गृहस्थ कोण?"

मंगलने डोळे पुसले, माझ्याकडे एकवार पाहिलं आणि म्हणाली, "माहीत नाही, सर."

मंगल जूनमध्ये रुजू झाली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. नाना म्हणाले, "दिडकी घेत जा." आई म्हणाली, "पत्र वाचायला शिकव." ती दोन्ही करायची. मला मात्र तिच्या शाळेच्या फाटकापलीकडे कधी प्रवेश मिळाला नाही.

परवा स्वारगेटला धायरीच्या बसच्या रांगेत एक बाई दिसल्या. हातात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, नजर थेट पोलीस इन्स्पेक्टरची. मी ओळखलं.

"रझिया ना? शिक्षिका झालीस? वा! मंगलबाईंची विद्यार्थिनी तू. पण एक तास मीही घेतला होता तुमच्यावर. आठवतं, काय शिकवलं होतं मी?"

तिने मला डोक्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाली, "माहीत नाही, काका." आणि बसमध्ये चढली.

आता ती मला साफ विसरली होती, की माझा पाठ तिला इतक्या वर्षांनी जसाच्या तसा येत होता? खरं सांगतो, मला माहीत नाही!