एक हत्यार कमी आहे, सर

हवाई दलातून निवृत्त होऊन मी खटकचिंचोळीला परत आलो आणि आठवड्याच्या आत गावानं मला मेजर करून टाकलं. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. मी ज्युनियर वॉरंट ऑफिसर होतो, ट्रेड इंजिन फिटर. सगळी नोकरी विमानाच्या पोटाखाली उताणा पडून केली. हे मी चहाच्या हॉटेलात दोन-चारदा समजावून सांगितलं. "व्हय व्हय, बसा मेजर," असं म्हणून त्यांनी चहा पुढे केला. मग मी नाद सोडला.

बीदरच्या हवाई तळाची ट्रेनर विमानं आमच्या तुरीच्या रानावरून जातात. लेकरं मान वर करून बघतात. हायस्कूलच्या हेडमास्तरांनी मला एकदा चार शब्द बोलायला बोलावलं. मी विचारलं, "विमानाच्या लाइनीत कोणाकोणाला जायचंय?" सगळे हात वर. "काय व्हायचंय?" सगळे म्हणाले, पायलट. "बरं, पायलटच्या हातात विमान कोण देतं?" मागून एकजण म्हणाला, "सरकार." मला हसू आलं, पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. यांना मेकॅनिक माहीत नाही, एअर ट्रॅफिक कंट्रोल माहीत नाही, हवामान बघणारा माणूस माहीत नाही. माहीत नसलेल्या दारावर कोण थाप मारणार? पुढच्या रविवारपासून शाळेच्या मागच्या खोलीत मी वर्ग सुरू केला. फुकट. अट एकच, वेळेवर यायचं.

भिंतीवर प्लायवूडचा एक बोर्ड ठोकला. त्यावर पाना, पक्कड, स्क्रूड्रायव्हर अशा प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगानं काढली आणि हत्यार तिथंच अडकवायचं. हत्यार जागेवर नसलं की काळी आकृती उघडी पडते, लांबूनही दिसते. विमानाला हात लावण्याआधी हत्यारं मोजायची, काम झाल्यावर पुन्हा मोजायची. एक जरी कमी भरलं तर विमान ग्राउंडेड. सापडेपर्यंत उडणार नाही. हवाई दलात हे श्वास घेण्यासारखं आहे. इथं मात्र लेकरं आपसांत म्हणायची, "सर पान्याची हजेरी घेतेत, पान्याला आजारपणाची रजा बी देत न्हाईत." मला ऐकू यायचं. मी ऐकलं नाही असं दाखवायचो.

या वर्गात राजेश्वर गावाहून एसटीनं येणारी एक मुलगी होती, शिवलीला. बारावी सायन्स. तिचे वडील मल्लिकार्जुन, पंचक्रोशीत मल्लू मेस्त्री. ट्रॅक्टरचं इंजिन आवाजावरून ओळखणारा माणूस. पोरीच्या हाताला ती सफाई घरातूनच आलेली. पण मेस्त्रीला ते पटत नव्हतं. एकदा तो मला स्टँडवर भेटला आणि सरळ म्हणाला, "अण्णा, मी जन्मभर ग्रीसात हात घातलो. पोरीनं बी तेच करायचं व्हय? तिला भालकीला डी.एड. करू द्या. स्वच्छ नोकरी."

मी म्हटलं, "मेस्त्री, विमानाचं ग्रीस वेगळं असतं."

"ग्रीस ते ग्रीस," तो म्हणाला आणि बसमध्ये चढला.

शेवटी बाप-लेकीत तह झाला. बेंगळुरूच्या एका विमान देखभाल प्रशिक्षण केंद्रातले राव नावाचे इन्स्ट्रक्टर दसऱ्याला बीदरला घरी येणार होते. आमची मुलं वर्षभर खपून बनवलेलं, रिमोटवर उडणारं मॉडेल विमान त्यांच्यासमोर उडवणार होती. शिवलीला त्या टीमची प्रमुख. रावांनी काम बघून तिची शिफारस केली तर तिनं प्रवेश परीक्षेला बसायचं. नाही केली तर डी.एड., आणि पुन्हा विमानाचं नाव काढायचं नाही. मेस्त्रीनं हे माझ्यासमोर ठरवलं. शिवलीला म्हणाली, "चालतंय, अप्पा." आवाज स्थिर होता. मी तिचे हात बघितले, ते ओढणीला पीळ घालत होते.

दिवस ठरला खंडे नवमीचा. शाळेला सुट्टी, मैदान मोकळं. वेळ सकाळी आठची, कारण आमच्या पठारावर दहानंतर वारा उठतो आणि तेवढं हलकं विमान त्याला झेपत नाही. आदल्या दिवशी मुलांनी शेवटची जोडणी केली, हत्यारं मोजली, पूर्ण भरली. हत्यारांची पेटी शिवलीलानं घरी नेली.

सकाळी राव साहेब वेळेआधीच आले. झालं! आमच्याकडे पाहुणा आला की आधी सत्कार. सरपंचांनी शाल काढली, नारळ काढला, हार आले, फोटोवाल्यानं दोनदा उभं केलं. मुलांना ओळीनं उभं करून ओळख परेड. तोवर ऊन वर आलेलं. घाईघाईत मुलांनी पेटी उघडली, पंख बसवले, मोटरचे स्क्रू आवळले. मोजणी केली ती कामानंतर.

शिवलीलानं एकदा मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे आली आणि ताठ उभी राहिली.

"सर, एक हत्यार कमी आहे."

"कोणतं?"

"सगळ्यात बारीक एलन की."

एलन की म्हणजे वाकडी, काडीएवढी किल्ली, स्क्रू आवळायची. मी विचारलं, "कामाआधी मोजलं होतं का?"

"न्हाई सर. सत्कार चालू होता."

माझं डोकंच फिरलं. "सत्कार? अगं, तुला काय शिकवलं मी?" मग मी चौकशी सुरू केली. मोटर कुणी आवळली? दोघांनी. बारीक किल्ली कुणी वापरली? हा म्हणे तिनं, ती म्हणे त्यानं. म्हणजे किल्ली विमानात राहिलेली असू शकते. शेपटीच्या तारेत अडकली तर विमान वळणार नाही, आणि समोर अख्खं गाव बसलेलं, पुढच्या ओळीत लहान लेकरं.

सरपंच जवळ आले. "काय झालं मेजर? उडवा की. साहेबाला घाई हाय."

"किल्ली सापडत नाही."

"एवढीशी किल्ली! कामून अडून बसलाव? मी नवी आणून देतो उद्या."

खरं सांगतो, 'उडवा' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. पोरीचं अख्खं भविष्य त्या विमानावर होतं आणि वारा अजून उठला नव्हता. मी तोंड उघडण्याआधी शिवलीला टीमकडे वळली.

"एअरक्राफ्ट ग्राउंडेड. पंख काढा. सगळं खोला."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तो सरळ. मुलांनी मोटर काढली, पोट उघडलं, तारा मोकळ्या केल्या. बाकीची मुलं खांद्याला खांदा लावून मैदानभर वाकून चालली, जसं आम्ही धावपट्टीवर खडे वेचत चालायचो. किल्ली नाही. झाडाला बांधलेला, वाऱ्याचा जोर दाखवणारा कापडी मोजा हळूहळू फुगायला लागला आणि थोड्या वेळानं आडवा झाला.

राव साहेबांना बीदरला घरच्या पूजेला पोचायचं होतं. सरपंचांनी त्यांना गाडीपर्यंत नेलं आणि गावाची अब्रू राखायला म्हणून सांगितलं, "मशीनमध्ये जरा बिघाड हाय साहेब, लेकरंच ती." हे मला नंतर कळलं. तेव्हा मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गवतात गुडघ्यावर बसलेलो. गाडी गेली. शिवलीलानं एकदा धुळीकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून शोधायला लागली.

त्यानंतर मोटारसायकल आली. मल्लू मेस्त्री. कपाळाला विभूती, नवा पांढरा शर्ट, चेहरा उजळलेला. खिशातून त्यानं विड्याचं पान काढलं, उघडलं, आत आमची एलन की. तिला विभूतीची बोटं ओढलेली आणि वर कुंकू.

"घे बाळा," तो म्हणाला. "पहाटे तुझ्या पेटीतून काढलो. खंडे नवमीला हत्याराची पूजा न्हाई झाली तर कसं? गॅरेजातल्या सगळ्या पान्यांसोबत ठेवलो देवापुढं. सगळ्यात बारीक होती, म्हणलं तुला लागायची न्हाई." मग त्यानं खोललेलं विमान बघितलं. "हे काय? मोडलं का?"

"अप्पा!" शिवलीला एवढंच म्हणाली आणि किल्ली मुठीत घट्ट धरून रडायला लागली.

काय घडलं, सरपंच साहेबाला काय बोलले, ते सगळं एका मुलानं सांगितलं. मेस्त्रीचा चेहरा उतरला. तो कडुनिंबाखाली जाऊन बसला. मी शेजारी बसलो. शेवटी तो चिडूनच म्हणाला, "अण्णा, एवढ्याशा किल्लीपायी पोरीचं नुकसान करून घेतलाव. हे कसलं शिकवणं?"

तेव्हा मी त्याला बिश्तची गोष्ट सांगितली. गावात तोवर कुणालाच सांगितली नव्हती.

सार्जंट बिश्त, पहाडातला माणूस. माझी पोस्टिंग वाळवंटातल्या एका तळावर होती, तिथं तो माझा सीनियर. बुटका, कमी बोलणारा, चहात मीठ घालून पिणारा. एका दुपारी विमान तयार होतं, पायलट शिडी चढत होता. बिश्तनं मोजणी केली आणि फ्लाइट कमांडरसमोर जाऊन उभा राहिला.

"सर, काउंट शॉर्ट. एक स्क्रूड्रायव्हर."

"पक्कं?"

"पक्कं सर. एअरक्राफ्ट अनसर्व्हिसेबल."

अनसर्व्हिसेबल म्हणजे उडायला नालायक; पायलटला खाली उतरवलं. मोठा सराव होता, वरचे अधिकारी आलेले, सगळं थांबलं. जो तो बिश्तवर दातओठ खात होता, मीसुद्धा. संध्याकाळी तो स्क्रूड्रायव्हर सापडला पायलटच्या सीटखाली, विमान वळवायच्या दांड्याच्या, कंट्रोल स्टिकच्या सांध्याजवळ. विमान हवेत उलटं झालं असतं तर तो तिथंच अडकला असता आणि दांडा हललाच नसता. पायलट नवा पोरगा होता. त्यानं येऊन बिश्तचे हात धरले. बिश्त म्हणाला, "जाओ साहब, चाय पियो."

"मग? आता कुठं असतेत ते?" मेस्त्रीनं विचारलं.

पुढे तो हेलिकॉप्टरवर फ्लाइट गनर म्हणून गेला, दारात बसून दोरानं माणसं वर ओढणारा, मी सांगितलं. डोंगरात पूर आला होता, माणसं अडकलेली. मी खाली बेसवर, रेडिओजवळ. दिवसभर त्यांच्या फेऱ्या चालल्या. शेवटच्या फेरीला निघताना हेलिकॉप्टरमधून आवाज आला, "बेस, बच्चे हैं ऊपर. वन मोर सॉर्टी." बेसनं विचारलं, "वेदर?" उत्तर आलं, "मॅनेजेबल." मग ढग उतरले. बेस हाक मारत राहिला. रेडिओवर नुसती खरखर. हेलिकॉप्टर परत आलं नाही. कुणाची चूक नव्हती. डोंगर होता आणि ढग होते.

मेस्त्रीनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

दिवस कलताना वारा पडला. पाहुणे गेले होते, खुर्च्या उचलल्या होत्या, तरी मुलं हटली नाहीत. त्यांनी विमान पुन्हा जोडलं. या वेळी आधी मोजलं, नंतर मोजलं. शिवलीलानं माझ्याकडे बघितलं. मी अंगठा वर केला. विमान गवतावरून धावलं, उचललं, पाण्याच्या टाकीवरून वळसा घेऊन आमच्या डोक्यावरून गेलं. पोरं बेभान ओरडायला लागली. मेस्त्री उभा राहून हात कपाळाशी धरून बघत होता. विमान नीट उतरलं. मग तो पेटीजवळ गेला, खाली बसला, आणि एकेका हत्याराला बोट लावून स्वतः मोजलं.

"बरोबर भरले," तो म्हणाला. "अण्णा, त्या साहेबाला फोन लावा."

मी लावून दिला. त्यानं कानाला धरून मोठ्यानं सुरुवात केली, जणू राव साहेबांना बीदरपर्यंत हाकच मारायलाय. "साहेब, मी शिवलीलाचा बाप. विमानात बिघाड नव्हता. किल्ली मी नेलो होतो पूजेला. पोरीला वाटलं ती विमानात राहिली, म्हणून तिनं उडवलं न्हाई. चूक माझी हाय. तिच्या नावावर लिहू नका." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "व्हय साहेब. समोर गाव बसलेलं. तरी न्हाई उडवलं." पुन्हा पलीकडून बोलणं. मेस्त्री ऐकत राहिला. मग फोन माझ्या हातात देऊन त्यानं पाठ फिरवली आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

राव साहेब मला म्हणाले, "मला सकाळी वाटलं, तयारी नसलेली मुलं आहेत. थांबल्याचं कारण कुणी सांगितलंच नाही हो. परीक्षेचा फॉर्म भरायला सांगा तिला. शिफारस मी करतो."

शिवलीला पास झाली. बेंगळुरूला तिला सोडायला मेस्त्री स्वतः गेला, जन्मात पहिल्यांदा तेवढ्या लांब. आमच्या रविवारच्या खोलीत आता राजेश्वरच्या आणखी मुली येतात आणि खोली पुरत नाही.

पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाजात उड्या होत्या. "सर, इथं बी मोजणी हाय! इन्स्ट्रक्टरनं विचारलं, तुला आधीच कसं येतं हे? कुणी शिकवलं?"

मी जरा फुगलोच. "मग? काय सांगितलंस?"

"रागावू नका सर. तुमचं नाव न्हाई सांगितलं. म्हणलं, सार्जंट बिश्त यांनी. अप्पांनी मला सगळं सांगितलंय. मग साहेबांनी अख्ख्या वर्गाला ती गोष्ट सांगायला लावली. सगळे उभे राहिले, सर."

फोन ठेवला आणि पहाडातला एक नंबर शोधला. बिश्तची बायको दरवर्षी दिवाळीला माझा फोन घेते. अवेळी घंटा वाजली म्हणून ती दचकली. मी तिला सांगितलं, भाभी, आमच्या वर्गातल्या एका मुलीनं आज बेंगळुरूत गोष्ट सांगितली आणि पोरापोरींचा एक अख्खा वर्ग बिश्त साहेबांसाठी उभा राहिला.

ती हळूच म्हणाली, "उस लड़की का नाम क्या है?"

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून बघितलं.