सगळ्यांना सात

इतकी वर्षं मी विमानांच्या खाली बसले, पण एक विमान धड पाहिलं असेल तर शपथ. कसरतींच्या स्पर्धेत पंचाने मान वर ठेवायची आणि त्याच्या लेखनिकाने खाली. आर्डिस आभाळाकडे बघून आकडा सांगायची, मी तो लिहायची आणि पुढची कसरत कुठली ते वाचून दाखवायची. चुकून मान वर केली की ती गुडघ्याने ढोसायची. "लव्हॉन, खाली बघ. तुझं आभाळ कागदावर आहे."

माझं केस कापायचं दुकान आहे, क्रेस्लर गावाच्या मुख्य रस्त्यावर. गावातल्या निम्म्या बायकांची डोकी माझ्या हातात, आणि उरलेल्या कुठे जातात तेही मला ठाऊक आहे. तेव्हा आर्डिस व्लचेकबद्दल मी सांगते ते ऐकीव नाही.

आर्डिस शाळेची बस चालवायची. मक्याच्या शेतांमधून, कच्च्या रस्त्यांवरून, बर्फात, धुळीत. बसमध्ये पोरांनी दंगा केला तर ओरडायची नाही. बस कडेला घ्यायची, इंजिन बंद करायची आणि पुस्तक काढून वाचत बसायची. पोरंच एकमेकांना गप्प करायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. मग उरलं काय, तर बस आणि ते कापडी पंखांचं लाल विमान. लाल म्हणायचं आपलं. उन्हाने त्याचा रंग केव्हाच उडाला होता.

आमचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, दोन हँगर आणि एक पेट्रोलचा पंप. दर सप्टेंबरात तिथे आसपासच्या राज्यांतले लोक आपापली विमानं घेऊन कसरतीला येतात. पगारी माणूस एकही नाही. सकाळी जो पंच असतो तोच दुपारी उडतो. आर्डिस खालच्या गटात उडायची आणि वरच्या गटाची पंच असायची.

तिला उडायला शिकवलं मर्ल टोन्जेसने. जन्मभर विमानातून शेतांवर औषध फवारत फिरलेला माणूस, तोंडाने फटकळ. धावपट्टीवरचं गवत तोच कापायचा, कुणी न सांगता. आर्डिसला तो "पोरी" म्हणायचा. तिची पन्नाशी उलटली तरी पोरीच. "पोरी, नाक वर. पोरी, डावा पाय झोपला का तुझा?" हे रेडिओवर, सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल असं. आर्डिस खाली उतरली की म्हणायची, "हा माणूस मला चारचौघांत बोलला नाही तर मला उडल्यासारखंच वाटत नाही."

आता 'लो'चं सांगते. कसरत करायची ती ठरलेल्या उंचीच्या वर. त्याच्या खाली गेलात तर पंच रेडिओवर म्हणतो, लो. निम्म्याहून जास्त पंच लो म्हणाले की गुण कापतात, आणि फारच खाली असाल तर सरळ घरी पाठवतात. एवढासा शब्द, पण म्हणायला जीभ जड होते, कारण वर जो असतो तो आपलाच कुणीतरी असतो.

आमच्याकडे डुएन म्हणून एक दातांचा डॉक्टर यायचा. भला माणूस, सगळ्यांसाठी खोके भरून कोलाचे, म्हणजे मुरंबा भरलेले गोड पाव, आणायचा. एका शनिवारी तो खाली आला. पंचांतल्या तिघांनी पाहिलं, आर्डिसने पाहिलं, कुणी बोललं नाही. बिचाऱ्याचं बक्षीस कशाला घालवा. रविवारी सकाळी तो विमानासकट सोयाबीनच्या शेतात कोसळला. त्या आवाजाला मी मान वर केली होती. आर्डिसने ढोसलं नाही.

चर्चच्या तळघरात दफनानंतरचं जेवण होतं. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, आणि सगळे हळू आवाजात, देवाची इच्छा, देवाची इच्छा. आर्डिसने बशी खाली ठेवली. "देवाला कशाला मध्ये घेता," ती म्हणाली. "आपण मारलं त्याला. भिडेखातर मारलं." डुएनची बायको तिथेच, कॉफीच्या भांड्यापाशी उभी होती. मला आर्डिसचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसानंतर तिने कुणाची भीड ठेवली नाही.

मग काही वर्षांनी पाळी आली मर्लची.

माझी मान खालीच होती. मी वाचलं, "विमान उलटं, तिथून अर्धी कोलांटी खाली, सरळ बाहेर." इंजिनाचा आवाज आला तो वरून नाही, शेतातूनच आल्यासारखा आला. माझ्या हातातली पेन्सिल थांबली. मुख्य पंचाने रेडिओवर विचारलं, "कुणी लो म्हणतंय?"

कुणीच बोलेना. तिथल्या अर्ध्या लोकांना मर्लनेच उडायला शिकवलेलं.

"लो," आर्डिस म्हणाली. "आणि थोडं नाही. फार लो."

मग एकेकाला कंठ फुटला. लो. लो. मर्ल बाद झाला. तेवढ्यावर भागलं असतं, पण आर्डिस संध्याकाळी सगळ्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की मर्लकडून चूक झाली नाही, मर्लला वर कुठे आणि खाली कुठे हेच कळलं नाही, त्याची तपासणी करा. तपासणी झाली. डॉक्टरला त्याच्या हृदयात काहीतरी सापडलं आणि त्याचं उडणं संपलं. त्याचं पिवळं विमान कॅन्ससच्या कुणीतरी विकत नेलं. ते गेलं त्या दिवशी मर्ल गवत कापत होता, त्याने मशीन बंदसुद्धा केलं नाही.

आर्डिस त्याच्याकडे ताजा ॲपल पाय भाजून घेऊन गेली. त्याने दार उघडलं आणि म्हणाला, "मिसेस व्लचेक, तुमचं माझ्याकडे काही काम आहे का?" आणि दार लावलं. त्यानंतर शब्द नाही. वृद्धाश्रमात गेला तरी नाही. दर सप्टेंबरला आश्रमाची गाडी त्याला विमानतळावर आणायची, पंचांच्या खुर्च्यांच्या रांगेत त्याची चाकांची खुर्ची मांडायचे, पण आर्डिसपासून पार दुसऱ्या टोकाला. तो तसं बजावूनच ठेवायचा. आर्डिस म्हणायची, "जिवंत आहे ना, मग रुसू दे." असं म्हणायची आणि माझ्या दुकानात आरशासमोर बसून रडायची. डोक्यावर टॉवेल असला की माणसं रडतात, मला सवय आहे.

आणि मग ते सात सुरू झाले.

पूर्वी आर्डिसचे आकडे कसे असायचे, तर दहापैकी साडेआठ, पाच, नऊ, शून्य. शून्य द्यायलाही हात आखडायचा नाही. हळूहळू सगळ्यांना सात. छान गेलं तरी सात, वाकडं गेलं तरी सात, फार तर साडेसहा. आकडा यायचाही उशिरा, शेजारच्या पंचाने काय म्हटलं ते कानावर पडल्यावर. मी चेष्टा केली, "सात काय घाऊक भावात आणलेत का गं?" ती हसली नाही. दुकानात यायची तेव्हा आरशात माझ्याकडे सरळ बघायची नाही. कोंबडी बघते तशी मान तिरकी करून बघायची.

"डोळे दाखव जाऊन," मी म्हटलं.

"दाखवले. डॉक्टरने पास केलंय."

"मग मान अशी काय करतेस?"

"तू केस काप, लव्हॉन."

मी केस कापले. तिच्याशी वाद घालणं म्हणजे डोकं फोडून घेणं.

या सप्टेंबरात मुख्य पंच नवा होता. आयोवाचा, हौशी, नम्र. त्याला आमचं काही माहीत नव्हतं. मर्लची खुर्ची त्याने स्वतः ढकलत आणली आणि मान द्यायचा म्हणून नेमकी आमच्या शेजारी लावली. मर्ल काहीतरी पुटपुटला, पण त्या माणसाला वाटलं आभार मानतोय. मी मध्ये, एका बाजूला आर्डिस, दुसऱ्या बाजूला मर्ल. दोघंही आभाळाकडे बघत बसलेले. अशी कुचंबणा माझी लग्नातसुद्धा झाली नव्हती.

सहाव्या की सातव्या नंबरला एक इंजिन सुरू झालं आणि मर्लचा हात खुर्चीवर घट्ट झाला. त्याला बघायची गरज नव्हती. त्याचंच पिवळं विमान होतं ते, कॅन्ससहून आलेलं.

मी वाचत गेले. आर्डिस म्हणत गेली. सात. सात. साडेसहा. मग मी वाचलं, "विमान उलटं, तिथून अर्धी कोलांटी खाली, सरळ बाहेर," आणि तोच आवाज आला. शेतातून येणारा.

"सात," आर्डिस म्हणाली.

"लो," मर्ल म्हणाला. रेडिओवर नाही, नुसताच, स्वतःशी.

रेडिओवर मुख्य पंचाने विचारलं, "लो?" एका टोकाकडून लो आलं, दुसऱ्या टोकाकडून लो आलं. आर्डिसची मान तिरकी झाली, पुन्हा सरळ झाली. तिने रेडिओचं बटण दाबलं. "लो," ती म्हणाली.

पिवळ्या विमानाचा वैमानिक बाद झाला. सुखरूप उतरला, चिडून हेल्मेट आपटलं, तेवढंच. मर्ल आभाळाकडेच बघत होता.

"आधी सात म्हणालीस," तो म्हणाला.

किती वर्षांनी तो तिच्याशी बोलत होता. आर्डिसने रेडिओ मांडीवर ठेवला. तिच्या हनुवटीचं काहीतरी होत होतं. मी कागदाकडे बघितलं. तिथे सात लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

दुपारी तिच्या गटाची पाळी. उडण्याआधी सगळे वैमानिक डांबरावर तळहाताचं विमान करून, डोळे मिटून चालतात. वळतात, वाकतात, हात उलटा करतात, सगळी कसरत पायी करून बघतात. आर्डिसही करत होती. मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं, कारण एरवी त्या वेळी मी सँडविच वाटत असते. डोळे मिटलेले असताना तिचं काही म्हणजे काही चुकत नव्हतं.

"मला तिच्याकडे ने," मर्ल म्हणाला.

"आता कशाला? तिला उडू दे तरी."

"लव्हॉन, मला तिच्याकडे ने."

नेलं. ती विमानात बसली होती, पट्टे आवळत होती. मर्लची खुर्ची पंखाच्या कडेला लागली.

"तक्ता पाठ केलास," तो म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडचा."

तिने पट्टा आणखी आवळला.

"हृदयाचा तक्ता असता तर मीही पाठ केला असता. किती दिसतं?"

"कडेचं दिसतं," आर्डिस म्हणाली. "मधलं नाही. बघायला गेलं की तिथेच काही नसतं." मग म्हणाली, "आजचं एक उड्डाण, मर्ल. शेवटचं. उतरले की मी स्वतः जाऊन सांगते. तुम्ही तरी मला असं चारचौघांत नका..."

"तू केलंस की."

"तुम्ही मेला असतात."

"हो," मर्ल म्हणाला. "मेलो असतो. बरं झालं असतं. तिथे आश्रमात मला संध्याकाळी साडेचारला जेवायला घालतात." त्याचं डोकं हलत होतं, म्हातारपणी हलतं तसं. "तू उड. मी नाही सांगत कुणाला. पडलीस तर सोयाबीनमध्ये पडशील, एकटी. तुझा जीव, तुझी मर्जी."

विमानांना निघायची खूण देणाऱ्या स्टार्टरने लांबून अंगठा वर केला, निघायचं का म्हणून. आर्डिसने तो बघितला नाही.

"पण पोरी," मर्ल म्हणाला, "सोमवारी बस कोण चालवणार?"

पोरी म्हणाला तो. हे ऐकायला ती किती वर्षं तरसली होती मला माहीत होतं, आणि मला वाटलं, मेल्या, आज नको म्हणू. आर्डिसचा चेहरा असा झाला की मला बघवेना. हँगरमध्ये कुणीतरी हसत होतं. तिच्या तोंडून हळूहळू नावं यायला लागली, क्रमाने, पहिल्या थांब्यापासून. पाव्हलिकांचे दोघे. मेनकेंची धाकटी, तिला रस्ता ओलांडताना हात करावा लागतो. ती नावं म्हणत होती आणि पट्टे सोडत होती.

खाली उतरताना मी हात पुढे केला, तिने घेतला नाही. स्टार्टरला म्हणाली, "माझं नाव खोडा." त्याने का म्हणून विचारलं नाही. मग तिने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, चाचपून बसची किल्ली सोडवली.

"ही शाळेत नेऊन दे," तिने मला म्हटलं.

माझा हात पोचायच्या आधीच तिने किल्ली सोडली. ती खाली काँक्रीटवर पडली. आर्डिस गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी शोधायला लागली. डावीकडे, उजवीकडे, चाकाखाली. भर दुपारचं ऊन होतं आणि किल्ली तिच्या बुटाजवळ पडली होती, चकचकीत, कुणालाही दिसेल अशी. मर्ल बघत होता. मीही बघत होते. तिचा हात किल्लीपासून वीतभर लांबून जायचा आणि परत यायचा.

मग मी वाकले आणि उचलली.